धुराड्याच्या हत्यारांची वाटणी

“आधी काजळी बघायची, मग हत्याराला हात लावायचा,” असे माझे सासरे नागनाथ खंदारे मला म्हणाले होते. मी तेव्हा या घरात नवी होते. पदर कमरेला खोचून बेकरीच्या पत्र्यावर चढले होते आणि हाताला लागला तो ब्रश धुराड्यात घालायला निघाले होते. मामा खाली उभे राहून एवढेच बोलले आणि आत निघून गेले. हा कागद त्या वाक्यापासून सुरू करते, कारण माझ्याकडे वाटून देण्यासारखे जे आहे ते सगळे त्याच्या आसपासच जमा झालेले आहे.

मी, सुकेशनी नागेश खंदारे, वय सेहेचाळीस, धंदा बेकरी, राहणार पूर्णा, जिल्हा परभणी, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही; उलट घरातल्या प्रत्येकाने ‘आता कशाला हे’ म्हणून मला अडवून पाहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

‘आता कशाला’ याचे उत्तर देते. छातीच्या फोटोत डाग दिसला तेव्हाच हा कागद आणून ठेवला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंत मी आणि माझे पती नागेश माझ्या बहिणीकडे राहिलो, आणि त्या दिवसांत आम्ही दोघांनीही त्या आजाराचे नाव एकदाही घेतले नाही. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टर म्हणाले, “जुना डाग आहे, भरून आलेला.”

“म्हंजी ते न्हाई ना?” यांनी विचारले.

“ते नाही.”

“तेच न्हाई ना पण?”

“अहो, तेच नाही. पण बाईंनी धुराड्यावर चढणं बंद. काजळी बंद. ओल्या लाकडाचा धूर तर अजिबात नको.”

बाहेर आल्यावर हे दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले आणि इतके हसले की वॉचमनने येऊन हटकले. मी त्यांच्या शेजारी बसले. समोर एक बाई केळी विकत होती. इतकी पिवळी केळी मी याआधी पाहिली नव्हती.

म्हणून हा कागद मरणाच्या भीतीने लिहिलेला नाही. भीतीने लिहिला असता तर सगळ्यांना सगळे माफ करून टाकले असते. आता मला वेळ आहे, तेव्हा नीट विचार करून लिहिते.

एक. बेकरीची जागा, भट्टी, धुराडे आणि वरची राहती खोली मामांनी त्यांच्या हयातीत बक्षीसपत्राने माझ्या नावावर केली. दोन मुले असताना सुनेच्या नावावर का, असे लोकांनी विचारले. मामा म्हणाले, “पोरं भट्टीकडं पाठ करून झोपतात. ही तोंड करून झोपती.” ही सगळी मिळकत माझ्यामागे माझी मुलगी प्रियांका हिची. नागेश यांनी हयातभर तिथे राहावे आणि बेकरी चालवावी. त्यांना कोणी उठवू नये. प्रियांका संभाजीनगरला नर्स आहे. तिने मला आधीच बजावले आहे, “मम्मी, मी नानकटाई भाजायला परत येणार नाही हं.” येऊ नकोस, बाळा. उद्या विकावी वाटली तर वीक. माझा जीव तुझ्या गळ्यात अडकवून ठेवण्याची माझी इच्छा नाही.

दोन. बँकेतल्या शिलकीतून सगळ्यात आधी माझ्या सासूबाई सगुणाबाई यांच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन करावे. त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. मी विषय काढला की त्या म्हणतात, “आता काय बघायचं राहिलंय?” आत्याबाई, एक गोष्ट राहिली आहे. ती पुढे लिहिली आहे. उरलेली रक्कम नागेश यांची. कानातले आणि मंगळसूत्र प्रियांकाचे.

तीन. माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, त्रिसरण पंचशील घेऊन करावा. जेवणावळ घालू नये. चितेला ओले लाकूड लावू नये. त्याचा धूर मी पुरेसा खाल्ला आहे.

चार. दिवाळीच्या आधी गल्लीतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या बाया आपापला रवा, मैदा, तूप, साखर घेऊन आमच्याकडे नानकटाई भाजायला येतात. तिथे रांग बायांची नसते, डब्यांची असते. डबा ठेवून बाई घरी जाते, स्वयंपाक करून येते, आणि तिचा डबा तिच्या जागेवर असतो. ही पद्धत माझ्यामागे मोडू नये. शेजारच्या शुभदाताई सुरुवातीची काही वर्षे आमच्या ट्रेवर घरून आणलेला कागद अंथरत. “ट्रे धुतलेला हाय ना?” असे दर वर्षी विचारत. मी ते विसरलेले नाही. पुढे त्यांचा कागद बंद झाला, विचारणेही बंद झाले, आणि मी नांदेडला असताना माझ्या सासूला दोन्ही वेळचा डबा त्यांच्या घरून आला. त्यांचा डबा दर दिवाळीला पहिला लावावा.

हे कलम वाचून रंगनाथराव म्हणाले, “शुभदाताई साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नसतं.” रंगनाथराव आमच्या मागच्या घरात राहतात. निवृत्त दस्तलेखक आहेत आणि हा कागद कायद्यात बसावा म्हणून समोर बसून आहेत. त्यांच्या वाळत घातलेल्या धोतरावर काजळी पडते म्हणून त्यांनी माझ्या धुराड्याविरुद्ध नगरपालिकेत दोनदा अर्जही केलेला आहे.

“पहिला नंबर ही काय मिळकत आहे का?” मी विचारले.

“पूर्णेत दिवाळीला? आहे.”

शुभदाताई म्हणाल्या, “राहू द्या बाई. मी दुसरी लावीन. पण तिसरी न्हाई लावणार.”

पाच. आता हत्यारे. ती भट्टीमागच्या भिंतीवर खुंट्यांना टांगलेली आहेत. ती कोणाला द्यायची हे कळण्याआधी ती कशासाठी आहेत हे माहीत पाहिजे.

लाकूड वाळलेले आणि जाळ मोठा असेल तर धुराड्यात नुसती भुकटी धरते. बोटाने पुसली जाते. त्याला तारेचा चौकोनी ब्रश पुरतो. आमचे धुराडे चौकोनी आहे, म्हणून ब्रशही चौकोनी, आणि आतल्या मापापेक्षा किंचित मोठा, म्हणजे तारा वाकून भिंतीला घासतात. गोल ब्रश घातला तर चारही कोपरे तसेच राहतात. ब्रशाच्या मागे जोडायच्या सळया मामांनी लोको शेडच्या भंगाराच्या लिलावात घेतल्या. वाफेच्या इंजिनाच्या नळ्या साफ करायच्या त्या सळया. मामांची रेल्वेतली निम्मी नोकरी त्या नळ्यांपुढे गेली होती.

नखाने खरवडल्यावर पापुद्रे निघत असतील तर ब्रशाने वेळ वाया घालवू नये. त्याला खरवडणी. ती ट्रॅक्टरच्या जुन्या पाट्यापासून लोहाराकडून घडवून घेतलेली आहे. तिची धार एका अंगाला आहे. ती बाजू विटेकडे नाही, काजळीकडे धरायची.

आणि नख ठेवल्यावर ते घसरत असेल, भिंत काळ्या काचेसारखी चकाकत असेल, तर हातातले हत्यार खाली ठेवायचे. आम्ही त्याला डांबर म्हणतो. ओले बाभळीचे लाकूड जाळले, किंवा भट्टी सकाळपर्यंत गरम राहावी म्हणून धुराड्याची झडप ओढून जाळ कोंडून ठेवला, की हे डांबर जमते. ब्रश त्याला फक्त पॉलिश करतो. खरवडणी त्याच्यावरून सटकते. साखळ्या आहेत, ड्रिल मशीनला लावून फिरवायच्या. त्या डांबर फोडतात, पण विटांमधला जोडाचा मालही फोडतात, आणि आमच्या धुराड्याचा माल एकदा भाजून निघालेला आहे. म्हणून आमच्याकडे साखळी चालणार नाही. डांबरासाठी पावडर येते. वाळलेल्या लाकडाच्या लहान जाळावर ती रोज थोडी टाकायची. काही दिवसांत डांबर सुकते आणि त्याचे पापुद्रे होतात. मग खरवडणी, आणि शेवटी ब्रश. मामांच्या काळात पावडर नव्हती, तरी त्यांचे वाक्य तिलाही लागू पडते.

शेवटचे हत्यार आरसा. मामांचा दाढीचा आरसा आहे, लाकडी दांडीला तिरका बसवलेला. वरचा माणूस सळई खालीवर करतो. खालचा माणूस राख काढायच्या खिडकीतून आरसा आत धरतो. वरपर्यंत मोकळे झाले की आरशात आभाळाचा चौकोन दिसतो. मग खालच्याने ओरडायचे, “दिसलं!” तोवर वरच्याने थांबायचे नाही, कारण वरून आत सगळे काळेच दिसते. हे काम एकट्याचे नाही. मामा आणि त्यांचा एक मुलगा ते करत. मामांनंतर वर्षभर दोन्ही मुलगे करत. नंतरची सगळी वर्षे वर मी आणि खाली नागेश.

सहा. दोन्ही मुलगे का थांबले ते लिहायला हवे. मामा गेले त्याच्या पुढच्या दिवाळीत भट्टी ओढ घेईना. धूर उलटून दुकानात येऊ लागला. डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि बाया तोंडाला पदर लावून खोकत होत्या. माझे दीर सिद्धोधन म्हणाले, “पेटवून द्या. येका घंट्यात मोकळं व्हतंय.” त्यांनी आधी दोनदा तसे केले होते. तेलात भिजवलेले बारदान खालून पेटवायचे, काजळी जळून जाते, धुराडे स्वच्छ. त्या दोन्ही वेळा आत भुकटी होती. या वेळी डांबर होते. कोणी नख लावून पाहिले नव्हते.

धुराडे जुन्या इंजिनासारखे गरजले. वरून ज्वाळा निघाली. रंगनाथरावांच्या गच्चीवर ठिणग्या पडू लागल्या, तेव्हा नागेश ओले बारदान घेऊन धुराड्याचे तोंड झाकायला वर चढले. पत्रा मोडला आणि ते खाली आले. मांडीचे हाड दोन जागी मोडले. आत सळई आहे, पाय आखूड झाला आहे, थंडीत अजून ठणकतो. खाटेवरून ते एवढेच म्हणाले, “त्याचं तोंड मला दाखवू नका.”

कोणी दाखवले नाही. सिद्धोधन मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर झाले. रोज रेल्वेने जातात, रोज परत येतात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझ्या सासूला भेटतात आणि तिथूनच माघारी फिरतात. एका गावात राहून दोन भाऊ एकमेकांना न दिसता किती वर्षे काढू शकतात ते मी पाहिले आहे. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या मिरवणुकीतही एक पुढे असतो आणि एक मागे.

सात. यंदा पावसाळा लांबला, लाकूड ओले मिळाले, आणि मी खोकत होते म्हणून वर कोणी चढले नव्हते. मी आरसा घालून पाहिले तेव्हा डांबर चकाकत होते. तेवढ्यात नांदेडला जावे लागले आणि भट्टी थांबली. दिवाळीच्या तोंडावर आम्ही परत आलो. मी घरात पाऊल ठेवण्याआधी राखेच्या खिडकीशी गेले आणि आरसा आत धरला.

आभाळ दिसले. निळा चौकोन, चारही कोपरे सरळ.

माझे पहिले वाटणे हेच की कोणीतरी पुन्हा पेटवले. पण विटा भाजलेल्या नव्हत्या, माल जागेवर होता. मग बॅटरी लावून पाहिले. विटांवर तिरप्या रेघा होत्या, माझ्या हाताने पडतात त्याच्या उलट्या बाजूला उतरणाऱ्या. आमच्या घरात डावखुरा माणूस एकच. मी भिंतीवरच्या हत्यारांकडे वळले. साखळ्यांवर कोळ्याची जाळी होती तशीच होती. खरवडणीची धार चांदीसारखी झाली होती. ब्रश झटकून, तारा खाली करून टांगलेला होता. पावडरीचा डबा रिकामा होता.

“आत्याबाई, धुराडं कुणी साफ केलं?”

“मला काय ठाव? मला मेलीला मोतीबिंदू.”

“मग आरसा कुणी धरला?”

“आरसा मी धरला व्हता.” मग आपणहून म्हणाल्या, “रोज सकाळच्याला जाळ करून ती पावडर बी मीच टाकली. त्यानं सांगितलं तशी. एवढूएवढूशी.”

“आणि आभाळ?”

“त्यो वरून वरडायलाय, ‘माय, दिसायलंय का?’ म्या म्हणलं, दिसायलंय रे बाबा, उतर आता, चहा थंड व्हायलाय. तर म्हणतो कसा, ‘माय, खरं सांग, तुला दिसायलंय का चहाची घाई हाय?’ म्या म्हणलं, दोनी.”

“तुम्हाला दिसलं होतं?”

“कुठलं काय! समदं पांढरंच. पर त्यानं लबाडी वळखली. उतरला, बघितलं, परत चढला. चार खेपा केल्या त्यानं. चहा न्हाई पिला, बाई.”

मी खिडकीशी खाली बसले आणि मोठा श्वास घेतला. तो पूर्ण आत गेला. कितीतरी दिवसांनी तो मध्ये कुठे अडखळला नाही.

नागेशही आले, वाकले, आरशात पाहिले. रेघा त्यांनाही दिसल्या. लहानपणी एका ताटात जेवताना त्या डाव्या हाताचे कोपर त्यांनाच लागत असे. त्यांनी खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, “फुडल्या साली इलेक्ट्रिक ओव्हन घेऊ.”

आठ. म्हणून माझी वाटणी अशी. सळया, चौकोनी ब्रश, खरवडणी, पावडरीचा डबा आणि साखळ्या माझे दीर सिद्धोधन नागनाथ खंदारे यांना. साखळ्या त्यांनी वापरायच्या नाहीत, पण कोणत्या हत्याराला हात लावायचा नाही हे ज्याला कळले त्याच्याकडे त्या सुरक्षित राहतील. दिवाळीची ती दुपार माझ्याकडून संपली. हे मी मरणाच्या भीतीने लिहीत नाही, हे वर सांगितलेच आहे.

आरसा माझे पती नागेश यांना. फक्त आरसा.

सळया असलेल्याला आरशाशिवाय काम करता येणार नाही आणि आरसा असलेल्याला सळयांशिवाय, हे मला माहीत आहे. ही चूक नाही. ही वाटणी कोणी एकमेकांत बदलू नये आणि भंगारात विकू नये.

नऊ. भट्टी लाकडावर चालते तोवर धुराडे वर्षातून निदान दोनदा साफ झालेच पाहिजे, आणि पेटवून कधीही नाही. डॉक्टरांनी मला धुराड्यावर चढायला मनाई केली आहे. त्यामुळे कलम आठ हे माझ्या मृत्यूनंतर नाही, आजपासून लागू समजावे.

इथे रंगनाथरावांनी हात पुढे करून पेन थांबवले. “सुकेशनीबाई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. जित्या माणसाचं चालत नाही.”

“मग मी काय करायचं?”

“एक तर मरायचं.”

“आत्ताच डॉक्टर नाही म्हणालेत.”

“मग सह्यांच्या खाली लिहा. ते मृत्युपत्र राहणार नाही. नुसती विनंती होईल. ती पाळायचं बंधन कुणावर नाही.”

त्यांचे म्हणणे कायद्याला धरून आहे, म्हणून कलम नऊचे शेवटचे वाक्य मी खोडते आणि खोडल्याजागी सही करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रियांकाने करावी. आणखी काही शिलकीत निघाले तर तेही तिचे. इथे मृत्युपत्र पुरे झाले. वाचून पाहिले, मनासारखे उतरले आहे.

ठिकाण : पूर्णा, जिल्हा परभणी
तारीख : १८ नोव्हेंबर २०२५

(सही) सुकेशनी नागेश खंदारे

सुकेशनीबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्ही त्यांच्या आणि एकमेकांच्या समोर सह्या केल्या. या कागदातून आम्हाला काही मिळत नाही.

साक्षीदार : (सही) रंगनाथ, निवृत्त दस्तलेखक. धोतराबाबतचे दोन्ही अर्ज निकाली निघालेले आहेत.
साक्षीदार : (सही) शुभदा, शेजारीण. नंबर सोडलेला नाही.

सह्यांच्या खाली, म्हणजे बंधन नसलेल्या जागी :

अहो, जयंतीच्या आधी एका रविवारी सिद्धोधन पत्र्यावर चढतील. मी निरोप धाडला आहे आणि ते हो म्हणाले आहेत. आत्याबाईंचे डोळे तोवर होणार नाहीत, आणि झाले तरी त्या चहासाठी खोटे बोलतील. मला तुम्ही काजळीपाशी उभे राहू देणार नाही. उरता तुम्ही. त्या दिवशी खाली आरसा धरून उभे राहा. त्यांच्याशी बोलू नका. या म्हणू नका, बसा म्हणू नका, वर मान करून बघूही नका. आभाळ दिसले की फक्त “दिसलं” एवढे म्हणा, वर ऐकू जाईल इतक्या आवाजात.

तुम्ही नाही म्हणणार आहात. तरी आरसा पुसून खिडकीजवळ खाली टांगला आहे, पाय न ताणता तुमचा हात पोहोचेल इतका.